नारिंगी रेकॉर्डवरचं हसू

हे मी अजून कुणाच्या कानावर घातलेलं नाही. बहिणीला मी गुडघेदुखीपासून सुनेच्या रुसव्यापर्यंत सगळं फोनवर सांगते, पण हे नाही. मुलगा याच घरात राहतो, त्यालाही नाही. मग तुम्हाला का सांगतेय? — खरंच माहीत नाही. बसा जरा जवळ. मोठ्याने बोलण्यासारखं नाही ते.

ऐकताना तुम्हाला हसू येईल, हे आधीच सांगते. विषयच तसा आहे. एक रेकॉर्ड आहे — जुनी, भुताखेतांच्या विनोदी रॉक गाण्यांची. ऑर्गन किंचाळतो, कुणी लांडग्यासारखं विव्हळतं, शवपेटीचं झाकण करकरतं, आणि मध्येच सॅक्सोफोन असा काही सुटतो की भुतांनीसुद्धा कंबर हलवावी. परदेशात ऑक्टोबरअखेर हॅलोविन असतो ना, मुखवटे घालून पोरं दारोदार गोळ्या मागत फिरतात — त्या दिवशी वाजवायची गाणी. भीती कमी, चाळे जास्त. अशा विसरलेल्या रेकॉर्डी हल्ली पुन्हा छापतात आणि लोक हौसेने घेतात. आमचीही छापली. भोपळ्याच्या रंगाची, नारिंगी, उजेडात धरली तर आरपार दिसते. आता ‘आमची’ म्हटलं खरं — पण थांबा, सुरुवातीपासून सांगते.

मी मिरजेची. नर्सिंग झालं आणि वर्षभरात इथे सौदीत, हुफूफच्या एका हॉस्पिटलात आले. चोवीस वर्षांची होते. हॉस्टेलच्या खोलीत दुसरी मराठी बोलणारी एकच, रुखसाना. हर्णेजवळच्या एका गावची, मच्छीच्या व्यापाऱ्याची मुलगी. दिसायला साधी, कामाला चोख. पण तिचं हसणं! छातीतून, अगदी खालून सुरू व्हायचं, मग पायऱ्या चढल्यासारखं वर वर जायचं आणि टोकाला पोचलं की फुटायचं. फिलिपिनो पोरी, केरळच्या पोरी आमच्या खोलीत जमायच्या आणि रुखसाना त्यांना मोडक्या हिंदीत खाडीवरच्या हडळीची गोष्ट सांगायची. शेवटी ते हसणं. पोरी किंचाळायच्या, मेट्रन दार वाजवायची, की ही लगेच उशीला डोकं टेकून गपगार.

मी तिच्यावर जळत होते का? तेव्हा विचारलं असतंत तर चिडून नाही म्हटलं असतं. ती माझी मैत्रीण होती. ताप आला की कपाळावर पट्ट्या ठेवणारी, तांदळाची सांदणं करून पहिलं मला देणारी.

आमच्या वॉर्डात एक वेल्श वेल्डर ॲडमिट झाला, पाय मोडलेला. रास तनुराच्या बाजूला परदेशी लोकांच्या भिंतीआडच्या वसाहती असतात, त्यातल्या एकीत राहायचा आणि फावल्या वेळात तिथल्या बँडमध्ये ऑर्गन वाजवायचा. त्याने वॉर्डात रुखसानाला हसताना ऐकलं. प्लास्टरमधला पाय टांगलेला, आणि हा माणूस उठून बसायला बघतोय. ते लोक हॅलोविनसाठी रेकॉर्ड करत होते. त्यात एक गाणं होतं — रात्रपाळीची नर्स सुई घेऊन येते आणि पेशंटचं सगळं रक्त काढून पिऊन टाकते, असं. “सिस्टर,” तो म्हणाला, “तुम्ही आलात तर माझं गाणं होईल. नाही आलात तर मी ते जाळून टाकतो.”

ती एकटी जाईना. म्हणून मी.

एका शुक्रवारी दुपारी गेलो. मेट्रनला सांगितलं, ओळखीच्या डॉक्टरबाईंकडे जेवायला जातोय — आणि जेवलोही, कारण त्या त्याच वसाहतीत राहायच्या. मग त्यांच्याच मागोमाग करमणुकीच्या हॉलमध्ये. खिडक्यांना गाद्या टेकवलेल्या, आवाज येतो म्हणून एसी बंद. घामाने सगळे निथळताहेत आणि वर रबरी मुखवटे घातलेत! एका प्लंबरने गळ्याशी लाल पडदा बांधला होता, झगा म्हणून. आम्ही दोघी भिंतीला टेकून पदरात तोंड खुपसून हसत होतो. पदर कसला, अबायाचं टोक.

वेल्डर सभ्य माणूस. “दोघींचं ऐकतो,” म्हणाला. आधी माझी पाळी. मी हसले — म्हणजे प्रयत्न केला. सॅक्सोफोनवाल्याने मला पाणी आणून दिलं, त्याला वाटलं ठसका लागला. मग रुखसाना हसली. ड्रमवाला हळूच म्हणाला, “जीझस.”

मला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी मला एक काम दिलं. स्टीलच्या किडनी ट्रेमध्ये कात्र्या, चिमटे, दोनचार बोल्ट टाकून तो खुळखुळवायचा. साखळदंडांचा आवाज म्हणून. ट्रे मीच आणला होता हॉस्पिटलातून, रुखसानाच्या हातात शोभेल म्हणून. तो माझ्या हातात आला.

टेप सुरू झाली. गाण्याच्या शेवटी संगीत थांबतं आणि नुसतं तिचं हसणं उरतं, मागे माझा ट्रे. हसणं टोकाला पोचलं आणि नेमका माझ्या घामेजल्या हातातून ट्रे निसटला. कात्र्या फरशीवर चौफेर. रुखसानाने वळून माझ्याकडे पाहिलं, आणि तिला खरंच हसू फुटलं. हडळीचं सोडून तिचं स्वतःचं, खोलीत हसायची तसं. बारीक, श्वास न पुरणारं. त्यांनी ते तसंच ठेवलं. वेल्डर म्हणाला, यापेक्षा चांगलं आता आपल्याला काही मिळणार नाही.

“नावं छापू नका हां,” निघताना रुखसानाने त्याला बजावलं. हॉस्पिटलात कळलं असतं तर दोघींना थेट एक्झिट, म्हणजे कायमची घरी पाठवणी. आणि तिच्या घरी? “अगो, बाबा माझे पाय मोडतील, मग तो प्लास्टरवाला आणि मी एकाच वॉर्डात,” बसमध्ये ती मला म्हणाली. रेकॉर्ड वेल्डरच्या देशात छापली गेली. मोजक्या प्रती निघाल्या. मागे एवढंच लिहिलं होतं म्हणे — दोन भारतीय सिस्टरांचे आभार. आमच्या हातात ती कधी आली नाही.

पुढे रुखसाना लग्नाला म्हणून रजेवर गेली आणि परत आलीच नाही. सासरचे नको म्हणाले. पहिली काही वर्षं ईदला, दिवाळीला फोन. मग तेही नाही. मी इथेच लग्न केलं, इथेच पोर वाढवलं, इथेच नवरा गेला. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, आधी माझ्या नोकरीवर होता, आता मुलाच्या नावावर आहे. त्याच्याकडे खोबरला राहते.

आता मुद्द्यावर येते. येतेय — जरा दम धरा.

काही वर्षांपूर्वी सुनेने लॅपटॉप आणून माझ्यापुढे ठेवला. पडद्यावर एक दाढीवाला बेल्जियन पोरगा. जुन्या रेकॉर्डी पुन्हा छापायचा त्याचा धंदा. आमची रेकॉर्ड त्याला कुठल्याशा जुन्या बाजारात सापडली होती आणि तो तिच्या प्रेमात पडला होता. वेल्डर वारला होता, पण त्याच्या मुलीकडे फोटो निघाला. पांढऱ्या कोटातल्या दोघी, फोटोच्या पाठीवर आमची नावं आणि हॉस्पिटलचं नाव. मी निवृत्त होईपर्यंत त्याच भागात होते, म्हणून मी सापडले.

तो इंग्रजीत भरभर बोलत होता. सून माझ्या खुर्चीमागे उभी. नातू तोंड उघडं टाकून बघतोय. पोरगा म्हणाला, “ते हसणं... मॅडम, आमच्याकडे लोक ते हसणं ऐकायला रेकॉर्ड विकत घेतील. मला एवढंच सांगा, ते कुणाचं? तुमचं ना?”

त्याने विचारतानाच ‘तुमचं ना’ म्हटलं. पण असं म्हणून मी त्याच्यावर ढकलत नाही. नाही म्हणायला कितीसा वेळ लागतो?

मी म्हटलं, “हो.”

सुनेने माझ्या खांद्यावर हात ठेवला. नातू ओरडला, “आज्जी, रिअली?” या घरात माझ्याकडे कुणी असं कधी बघितल्याचं मला आठवत नाही.

“आणि दुसऱ्या बाई?”

“तिचा काही पत्ता नाही,” मी म्हटलं. “फार जुनी गोष्ट झाली.”

पत्ता शोधायला एक फोन पुरला असता. दापोलीची एक सिस्टर अजून माझ्या संपर्कात आहे, तिला कोकणातलं सगळं माहीत असतं. मी तो फोन केला नाही. केला तर रुखसाना सापडेल, म्हणूनच केला नाही.

रेकॉर्ड आली. आत आमचा फोटो, मागे माझं नाव आणि नावापुढे ‘हास्य’. मुलाने फ्रेम करून हॉलमध्ये लावली. कुणाकुणाचे फोन आले, मुलाखतीही दिल्या. मी त्या दुपारचं सगळं सांगायचे, गाद्या, मुखवटे, प्लंबरचा लाल पडदा. सगळं खरं, फक्त एक सोडून. हल्ली इथेही हॅलोविनला तरुण मंडळी वेष करून जमतात. अशाच एका घरगुती पार्टीत पोरी मागे लागल्या, आंटी, एकदा हसून दाखवा ना. मी गळ्याला हात लावून म्हटलं, “घसा गेला गं माझा. आता नाही जमत.” अगदी सहज म्हटलं. पोरींनी हळहळून माझ्यासाठी गरम पाणी आणलं.

त्यानंतर काही महिन्यांनी फोन आला. अनोळखी नंबर, मराठीत.

“सुनंदा खाला? मी सना. रुखसानाची मुलगी. हर्णेची रुखसाना, आठवते का तुम्हाला?”

मी पलंगावर बसले. “कशी आहे ती?”

“अम्मी गेली, खाला. मी कॉलेजला होते तेव्हा.”

सनाचा नवरा जेद्दाजवळच्या थुवालच्या युनिव्हर्सिटीत संशोधनाला आहे. तिथल्या कॅम्पसमध्ये जगभरातली माणसं, मुलांसाठी हॅलोविन करतात. कुणी शेजाऱ्याने ही नारिंगी रेकॉर्ड लावली. सनाने कव्हर हातात घेतलं तर आत तिची आई. पांढऱ्या कोटात, लग्नाआधीची. “अम्मीने कधी सांगितलंच नाही आम्हाला,” ती म्हणाली. “सांगणार कशी म्हणा.”

आणि मग तिने ते सांगितलं. सना बालवाडीत होती तेव्हा रुखसानाच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्रच काढून टाकावं लागलं. जीव वाचला, बरीच वर्षं जगली, पण आवाज गेला तो गेला. घरात लेकरांना हाक मारायची तर टाळी वाजवायची. एक टाळी सनाची, दोन टाळ्या भावाच्या.

मी नर्स आहे. असे किती पेशंट पाहिले असतील. तरी मला पुढचं ऐकू येईना. माझ्या डोळ्यांपुढे त्या पार्टीतल्या पोरी, गरम पाणी, आणि गळ्याला लावलेला माझाच हात.

“खाला, मला अम्मीचा आवाज आठवत नाही,” सना म्हणत होती. “लहान होते ना मी. लग्नाचा व्हिडिओ आहे, पण त्यात आवाजाच्या जागी सगळी सिनेमाची गाणी टाकलीत. कसा होता हो तिचा आवाज?”

“गोड होता,” मी म्हटलं.

गोड! त्या आवाजाला मी गोड म्हटलं.

तुम्हाला वाटेल, त्याच क्षणी मी सांगून टाकलं असेल. मलाही वाटत होतं की मी आता सांगणार आहे. फोनवर नको, समोरासमोर सांगू, असं ठरवून मी तिला घरी जेवायला बोलावलं. ती आली, जेद्दाहून विमानाने, नवरा आणि चार वर्षांची मुलगी घेऊन. येताना ती रेकॉर्ड घेऊन आली होती, माझी सही हवी म्हणून. सुरमई तळली, तांदळाच्या भाकऱ्या केल्या. सना जेवताना मान खाली घालून बसली, मग म्हणाली, “अम्मी अशाच भाकऱ्या करायची. कडा जराशा करपलेल्या.” तिचे डोळे रुखसानाचे. मी सारखी भाकऱ्या वाढत राहिले, तिच्याकडे बघायला नको म्हणून.

जेवण झाल्यावर मुलाने कौतुकाने रेकॉर्ड लावली. गाणं शेवटाला आलं, संगीत थांबलं आणि ते हसणं सुरू झालं. सनाची मुलगी गालिच्यावर बसली होती. तिनेही हसायला सुरुवात केली, नक्कल म्हणून. खालून, छातीतून, वर वर, आणि टोकाला पोचून फुटलं. ती पोर ते कुणाकडून शिकली असेल? नुसत्या नकलेने ते येत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? मला ऐकवेना. मी पाणी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले.

परत आले तर सना म्हणाली, “काय भारी हसलात हो खाला. आणि शेवटी खरंखुरं हसू आलंय ना तुम्हाला? हिला तोच भाग आवडतो. काय झालं होतं तेव्हा?”

माझा मुलगा बाजूलाच. भिंतीवर फ्रेम. सगळे माझ्याकडे बघताहेत.

“हातातून ट्रे पडला होता,” मी म्हटलं.

“कुणाच्या?” सना पुढे सरकली. “खाला, म्हणजे अम्मी पण या गाण्यात आहे का? कुठे आहे ती?”

हेच मला तुम्हाला सांगायचं होतं. हसणं चोरलं ते चोरलंच. पण त्या दिवशी हॉलमध्ये मला दुसरी संधी मिळाली होती आणि रुखसानाची मुलगी स्वतः हात पसरून विचारत होती. त्यावर मी काय म्हटलं असेल?

“आहे ना,” मी म्हटलं. “तो मागे कात्र्यांचा आवाज येतो बघ. ट्रे रुखसानाच्या हातात होता. ती वाजवतेय तुझी अम्मी.”

सना उठली. स्वतःच्या हाताने तिने सुई मागे नेली. स्पीकरपाशी गुडघ्यांवर बसली आणि त्याच्या जाळीवर तळवा ठेवला. हसणं वाजत होतं — तिच्या आईचं हसणं, सगळा हॉल भरून — आणि ती भुवया आक्रसून त्याच्या पलीकडचं ऐकायचा प्रयत्न करत होती. पुन्हा सुई मागे. पुन्हा. मग वळून माझ्याकडे बघून म्हणाली, “अम्मीचे हातच आठवतात मला. आवाज नाही, हात. बरं झालं खाला, निदान हात तरी मिळाले.”

निघताना तिने मला मिठी मारली. मी कव्हरवर सही केली.

काही दिवस मी मनाशी म्हणत होते, पोरीला बरं वाटलं ना, आईचं काहीतरी मिळालं ना? किती बेमालूम सोय असते अशा विचारांची! तिच्या हाताखालच्या स्पीकरमधून तिची आई हसत होती आणि मी तिला माझ्या कात्र्या दिल्या. आजही त्या बेल्जियन पोराला एक मेल केला तर पुढच्या छपाईत नाव बदलेल. सनाचा नंबर फोनमध्ये सगळ्यांत वर आहे. मुलगा काय म्हणेल, नातू कसा बघेल, याचीच भीती मला त्या मुलीच्या दुःखापेक्षा मोठी वाटली. अजूनही वाटते. यापुढे मी सांगेन असंही मी तुम्हाला म्हणत नाही.

सना अधूनमधून व्हिडिओ पाठवते. परवाच एक आला. थुवालचं त्यांचं घर, खिडकीबाहेर समुद्र, टेबलावर फिरणारी नारिंगी रेकॉर्ड. शेवटचा भाग येतो आणि मुलगी हसायला तोंड उघडते. सना तिच्या ओठांवर बोट ठेवते.

“श्श. आत्ता नाही हसायचं. नानी येतेय, ऐकू दे.”

दोघी माना वाकवून स्पीकरला कान लावतात. हसणं वर वर जातं, फुटतं, आणि मागून माझा ट्रे पडतो. सना डोळे मिटून घेते. “ही बघ,” ती मुलीला म्हणते, “ही आपली नानी.”

मी तो शेवटपर्यंत पाहिला आणि खाली एक लाल बदाम पाठवला.